वाकड्या पायांचा राइट आऊट



ज्या व्यासपीठावरून वेदान्त, अर्थकारण आणि संतवाङ्मय यांची चर्चा व्हावयाची, तेथे एका फुटबॉलपटूचे चरित्र सांगावयास उभे राहणे हे धाडसाचेच काम आहे. व्याख्यानमालेच्या चालकांना आम्ही विषय कळविला तेव्हा त्यांनी तो विनातक्रार मान्य केला, याबद्दल त्यांचे आभार. तरी श्रोत्यांपैकी काहींच्या मनात येईलच की, चेंडूला लाथ मारणाऱ्याच्या आयुष्यात तासभर सांगण्यासारखे असते तरी काय? या प्रश्नाला आम्ही आताच उत्तर देत नाही. आधी माणूस पाहू.

माणसाचे नाव मानुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस. या नावाने त्याला त्याच्या देशातही फारसे कोणी ओळखत नसे. लोक ओळखत ते 'गारिंशा' म्हणून. इंग्रजी वळणाने वाचणारे 'गारिंचा' म्हणतात, पण पोर्तुगीज भाषेत तेथे 'श' उमटतो. गोव्याकडच्या जुन्या मंडळींना हे सांगावयास नको. गारिंशा हे एका चिमुकल्या, तपकिरी, रानवट पाखराचे नाव. पोर लहानखुरे आणि रानात पाखरांमागे हिंडणारे, म्हणून बहिणीने हे नाव ठेवले आणि ते जन्माचे चिकटले.

जन्म १९३३ सालचा, ब्राझीलमध्ये, रिओ द जानेरो शहरापासून काही कोसांवर डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पाऊ ग्रांदे या गावी. हे गाव म्हणजे एक कापडगिरणी आणि तिच्याभोवती वसलेली वस्ती. घरे गिरणीची, नोकऱ्या गिरणीच्या आणि फुटबॉलचा संघही गिरणीचाच. परळ-लालबागेचा परिसर ज्यांनी पाहिला आहे त्यांना गिरणीच्या भोंग्यावर चालणारे जीवन समजावून सांगण्याची गरज नाही. फक्त येथे भोवती रान होते, नदी होती आणि मासे होते. बाप गिरणीतच पहारेकरी, दारूचा व्यसनी. पोरगाही चौदाव्या वर्षी गिरणीत लागला. कामात त्याचे लक्ष नसे. काम टाकून झोपा काढणाऱ्या या पोराला गिरणीने ठेवून घेतले ते एकाच कारणासाठी, संघाला तो हवा होता.

आता त्याच्या पायांविषयी. जन्मतःच त्याचे दोन्ही पाय वाकडे होते, आणि तेही असे की दोन्हींचा बाक एकाच बाजूला. वारा एका दिशेने वाहत असता शेतातली दोन ताटे जशी कलावी तसे ते दिसत. एक पाय दुसऱ्याहून सुमारे ६ सेंटिमीटर आखूड होता आणि पाठीचा कणाही सरळ नव्हता. असले शरीर घेऊन धडधाकटांच्या खेळात उतरावयाचे! रिओच्या मोठ्या क्लबांनी प्रथम त्याला दारातूनच परत पाठविले, यात त्यांना फार दोष देता येईल असे आम्हांस वाटत नाही. १९५३ साली बोताफोगो या क्लबाने मात्र त्याची परीक्षा घेतली. समोर बचावाला उभा होता निल्तन सांतोस, त्या काळी ब्राझीलचा सर्वोत्तम लेफ्ट बॅक. त्या दिवशी या गिरणीतल्या पोराने निल्तनला चकविले, चेंडू त्याच्या दोन पायांच्या मधून काढला असे सांगतात. निल्तन थोर मनाचा माणूस. चिडण्याऐवजी त्याने क्लबाला सांगितले की, हा पोरगा आपल्याकडेच ठेवा, दुसऱ्या क्लबाकडून खेळला तर मला झोप लागणार नाही. पहिल्याच अधिकृत सामन्यात गारिंशाने तीन गोल केले.

ज्यांचा फुटबॉलशी फारसा संबंध नाही त्यांच्यासाठी येथे थोडा खुलासा केला पाहिजे. राइट आऊट म्हणजे आघाडीच्या फळीत अगदी उजव्या कडेला, रेषेला धरून खेळणारा गडी. त्याचे काम कडेकडेने प्रतिपक्षाच्या गोलरेषेपर्यंत चेंडू न्यावयाचा आणि तेथून मध्ये, आपल्या साथीदारांकडे सोडावयाचा. हे बोलावयास सोपे आहे. पण तो चेंडू एकदा गोलरेषेवरून मागे वळला की बचाव करणाऱ्यांची काय गत होते पाहा. त्यांची तोंडे चेंडूकडे, म्हणजे स्वतःच्या गोलाच्या बाजूला, आणि शत्रू येतो पाठीमागून. चेंडूकडे पाहावे तर माणूस दिसत नाही, माणसाकडे पाहावे तर चेंडू दिसत नाही. शिवाय ऑफसाइडची तक्रारही करता येत नाही, कारण चेंडू मागे येत असतो. म्हणून जो राइट आऊट हमखास रेषेपर्यंत पोचतो तो अर्धा गोल करूनच ठेवतो. उरलेला अर्धा दुसरा कोणी करतो आणि नावही त्याचे लागते.

गारिंशा हमखास पोचत असे. कसा? आम्ही जुनी चलच्चित्रे पुनःपुन्हा पाहिली आहेत, आणि नवल असे की त्याची युक्ती एकच होती. चेंडू पायाशी घेऊन तो चक्क उभा राही. समोर बॅक येऊन ठाके. दोघेही स्तब्ध. मग गारिंशा कमरेतून डावीकडे झुके, आता आत शिरतोच असे वाटे. बॅकचा तोल तिकडे जाई आणि तेवढ्यात गारिंशा उजवीकडून निसटलेला असे. हुतूतूत चढाई करणारा गडी हूल देतो ना, तशीच ही हूल. फरक इतकाच की हुतूतूतला गडी कधी डावीकडे जातो, कधी उजवीकडे. गारिंशा बहुतेक वेळा उजवीकडेच जाई. हे बॅकला ठाऊक, त्याच्या शिक्षकाला ठाऊक, मैदानात बसलेल्या शेंगदाणे विकणाऱ्या पोरालाही ठाऊक! आणि तरी बॅक दर खेपेस फसे. कारण ठाऊक असणे डोक्याचे काम, आणि तोल जाणे शरीराचे. ते वाकडे पाय ज्या कोनातून निघत त्या कोनाची सवय सरळ पायांच्या माणसाला नव्हती. त्यातून त्याची पहिली तीन पावले अशी झपाट्याची की एकदा तोल गेला की सावरण्याला अवसर नाही.

कधी कधी तर तो चेंडू जागीच ठेवून नुसता धावे आणि बॅक त्याच्यामागे धावे. चेंडू बिचारा एकटाच पडलेला! लोक पोट धरधरून हसत. १९५८ साली मेक्सिको शहरात बोताफोगो आणि आर्जेंटिनाचा रिव्हर प्लेट यांचा सामना झाला. त्यात व्हायरो नावाच्या बॅकला त्याने इतके झुलविले की प्रेक्षक, बैलांच्या झुंजीत ओरडतात तसे, प्रत्येक हुलकावणीला 'ओले' ओरडू लागले. फुटबॉलच्या मैदानावर ही आरोळी तेथूनच आली असे सांगितले जाते.

या खेळात एक गंभीर अडचण मात्र होती. १९५० साली ब्राझीलमध्येच विश्वचषकाची स्पर्धा झाली आणि शेवटच्या सामन्यात उरुग्वेने रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझीलचा २-१ असा पराभव केला. राष्ट्राच्या घरी सुतक आले म्हणा ना. पराभवाचे खापर फुटले ते गोलरक्षक बार्बोझासारख्या कृष्णवर्णीय खेळाडूंवर, आणि शहाणीसुरती माणसे म्हणू लागली की आपल्या लोकांत शिस्त नाही, मनाचा कणखरपणा नाही. त्यामुळे १९५८ साली स्वीडनला संघ निघाला तो वैद्य, दंतवैद्य आणि मानसशास्त्रज्ञ बरोबर घेऊन. मानसशास्त्रज्ञाने सर्वांची बुद्धिपरीक्षा घेतली. गारिंशाला १२३ पैकी ३८ गुण पडले. एवढ्या गुणांवर रिओत बस चालविण्याचीही परवानगी मिळाली नसती, असे त्या वेळी बोलले गेले. त्याच सुमारास इटलीत फियोरेंतिनाविरुद्धच्या सरावाच्या सामन्यात त्याने बचावाचे गडी चकविले, गोलरक्षकाला चकविले, आणि मोकळा गोल समोर असता तो थांबला. मागून धावत आलेल्या आणखी एकाला हूल दिली आणि मग चेंडू आत नेला. लोक हसले, पण संघाचे चालक हसले नाहीत. पहिल्या दोन सामन्यांत त्याला बाहेर बसविण्यात आले.

तिसरा सामना १५ जूनला गोटेनबर्ग येथे रशियाशी. गोलात लेव्ह याशिन. ज्येष्ठ खेळाडूंनी आग्रह धरला म्हणून असो की दुसऱ्या कारणाने, त्या दिवशी गारिंशा आणि १७ वर्षांचा पेले दोघेही संघात आले. खेळ सुरू होताच चेंडू उजव्या कडेला गेला. गारिंशाने समोरचा गडी एकदा चकविला, पुन्हा चकविला, आणि त्याचा फटका खांबावर आदळला. लगोलग पेलेचा फटका आडव्या दांडीला लागला. तिसऱ्या मिनिटाला वावाने गोल केला. फ्रान्सचे नामवंत क्रीडालेखक गाब्रिएल आनो यांनी त्या तीन मिनिटांना फुटबॉलच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ तीन मिनिटे म्हटले. अंतिम सामन्यात यजमान स्वीडनने पहिला गोल केला. त्यानंतर ब्राझीलचे जे पहिले दोन गोल झाले ते जवळजवळ एका साच्यातले: गारिंशा उजवीकडून निसटला, गोलरेषेपाशी पोचला, चेंडू आडवा सोडला आणि वावाने तो आत ढकलला. ब्राझील ५-२ ने जिंकले. येथे झागालोची आठवण न करणे अन्यायाचे होईल. तो डाव्या कडेचा गडी, पण वारंवार मागे येऊन बचावाला हातभार लावी. त्याने कष्ट उपसले म्हणून उजव्या कडेच्या या वाकड्या पायांना चैन करता आली.

आणि आता, श्रोतेहो, आम्ही ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला तिच्याकडे येतो.

स्वीडनहून परतल्यावर गारिंशाच्या भोळेपणाच्या गोष्टी देशभर पसरल्या. अंतिम सामना जिंकल्यावर त्याने विचारले म्हणे की, एवढ्यात संपली स्पर्धा, परतीचे सामने नाहीत का? आपल्याला कोण अडविणार याची तो चौकशीच करीत नसे म्हणे. सगळ्यांना तो 'झुआंव' म्हणे, म्हणजे आपल्याकडे सर्रास 'गणू' म्हणावे तसे. यातल्या बऱ्याच गोष्टी वर्तमानपत्रकारांनी रिकाम्या वेळी रचल्या, हे पुढे त्याच्या चरित्रकारांनी उघड केले आहे. गोष्टी गोड आहेत. पण त्या कोणाच्या सोयीच्या होत्या, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

पाहा. ब्राझीलमध्ये त्या काळी धंदेवाईक खेळाडू क्लबाचा बांधील असे. करार संपला तरी त्याची सनद क्लबाकडेच राही आणि क्लबाने विकल्याशिवाय त्याला दुसरीकडे जाता येत नसे. हा प्रकार कायद्याने बंद झाला तो थेट १९९८ साली मंजूर झालेल्या कायद्यामुळे, आणि त्या कायद्याला नाव आहे पेलेचे. अशा व्यवहारात खेळाडूचे एकमेव शस्त्र म्हणजे करारावर सही करण्यापूर्वीची घासाघीस. गारिंशा ती करीतच नसे. क्लबाचे अधिकारी कोरा करार पुढे करीत आणि तो सही करी; आकडे मागाहून भरले जात. विश्वचषक जिंकून आलेला माणूस संघातल्या कमी मोलाच्या खेळाडूंहून कमी पैशावर खेळत होता. बोताफोगो परदेशच्या दौऱ्यांवर जाई तेव्हा मात्र यजमान पैसे मोजीत ते गारिंशा मैदानात उतरणार या अटीवर. तो नसेल तर बिदागी कमी.

म्हणजे ज्याला स्वतःची किंमत कळत नाही असे सारे कौतुकाने सांगत होते, त्याची किंमत इतरांना बरोबर कळत होती. 'बिचारा भोळा आहे, त्याला पैशाचे काय?' हे वाक्य आपल्याही कानांच्या ओळखीचे आहे. गावोगावच्या तमासगिरांविषयी, शाहिरांविषयी, भजनी बुवांविषयी ते आपण म्हणत आलो आहोत, आणि म्हणणाऱ्याचा हात बहुधा स्वतःच्या खिशाकडे गेलेला नसतो.

अर्थात त्याला निव्वळ बळी ठरवूनही चालणार नाही. बायको नायर आणि आठ मुली पाऊ ग्रांदेत, आणि हा बाहेर. मुले त्याला अनेक स्त्रियांपासून झाली, एक तर दौऱ्यात स्वीडनमध्येही. कशासा, म्हणजे तिकडची उसाची दारू, त्याला तारुण्यापासून प्रिय होती. या गोष्टींचे ओझे ज्यांनी वाहिले त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

१९६२ सालची स्पर्धा चिली देशात झाली. दुसऱ्याच सामन्यात पेलेची मांडी दुखावली आणि तो स्पर्धेबाहेर गेला. लोकांनी हाय खाल्ली. त्यानंतर गारिंशाने जे केले त्याला आमच्या मते फुटबॉलच्या इतिहासात जोड फार थोडी. आजवर जो कडेला राहून दुसऱ्यांना गोल करू देत होता तो आता स्वतःच सर्वत्र दिसू लागला. इंग्लंडविरुद्ध या मध्यम उंचीच्या माणसाने उंच्यापुऱ्या इंग्रज बचावातून डोक्याने गोल केला. त्याचा एक मोकळा फटका गोलरक्षकाच्या हातून निसटला, त्यावर वावाने गोल केला. मग लांबून असा वळता फटका मारला की गोलरक्षकाच्या आवाक्याबाहेरून चेंडू जाळ्यात विसावला. त्याच सामन्यात एक कुत्रा मैदानात शिरला. गारिंशाने धरू पाहिले तर त्याने गारिंशालाच हूल दिली! शेवटी इंग्लंडच्या ग्रीव्हजने चार पायांवर येऊन त्याला पकडले, आणि त्याबद्दल कुत्र्याने ग्रीव्हजचा सदरा भिजविला. पुढे हा कुत्रा सोडतीत गारिंशाला मिळाला आणि तो त्याला घरी घेऊन गेला.

उपान्त्य सामना सान्तियागोत, यजमान चिलीशीच. पुन्हा दोन गोल, एक डाव्या पायाने, दुसरा डोक्याने. सारा वेळ त्याच्या पायांवर लाथा बसत होत्या. अखेरीस त्यानेही रोहास नावाच्या खेळाडूला लाथ मारली आणि पंचाने त्याला बाहेर काढले. जाताना प्रेक्षकांतून काहीतरी भिरकावले गेले ते डोक्याला लागले. नियमाने अंतिम सामना हुकणारच होता. पण ब्राझीलच्या पंतप्रधानांपर्यंत सूत्रे हलली, ज्याने लाथ पाहिली होती तो लाइन्समन साक्षीला आलाच नाही, आणि गारिंशा सुटला. न्याय झाला असे आम्ही म्हणणार नाही. अंगात ताप असताना तो अंतिम सामना खेळला. झेकोस्लोव्हाकियाचा ३-१ असा पराभव झाला. चार गोल करून तो स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या बरोबरीला बसला. त्या वेळी त्याचे वय २८.

येथे चरित्राचा शिखरभाग संपतो, आणि उतार फार लवकर सुरू होतो. कारण गुडघा. वाकड्या पायाचा गुडघा सरळ पायाहून अधिक झिजतो; त्यात प्रत्येक सामन्यातले घाव आणि ती एकाएकी वळण्याची कसरत. सांध्यातील कूर्चा झिजत गेली, गुडघ्यात पाणी होऊ लागले. ते काढावयाचे, सुई टोचावयाची आणि मैदानात उतरावयाचे, कारण दौऱ्याची बिदागी त्याच्या उतरण्यावर! विश्रांती मिळती तर गुडघा टिकता का, हे वैद्यांनी सांगावे. शस्त्रक्रिया झाली ती १९६४ साली, आणि तोवर उशीर झाला होता.

याच काळात त्याने घर सोडले आणि एल्झा सोआरेस या सांबा गायिकेबरोबर संसार मांडला. एल्झा रिओच्या झोपडवस्तीत वाढलेली, स्वतःच्या गळ्यावर वर आलेली बाई. लोकांनी सारा राग तिच्यावर काढला: हिने आमचा गारिंशा नासविला. तिला शिव्या पडल्या, घरावर हल्ले झाले. वस्तुतः दारू सोडविण्यासाठी झगडली ती, आणि क्लबाकडे पैसे माग म्हणून सांगणारीही तीच. तिने त्याचा भोळेपणा मोडला, हाच बहुधा तिचा मोठा अपराध ठरला.

१९६६ साली बोताफोगोने त्याला साओ पाउलोच्या कोरिंथियान्सला विकले. इंग्लंडमधील स्पर्धेत बल्गेरियाविरुद्ध त्याने एक सुंदर फ्री किक जाळ्यात घातली. पेलेनेही तशीच एक. हे दोघे राष्ट्रासाठी एकत्र खेळले तो हा शेवटचा सामना. दोघे बरोबर असताना ब्राझील कधीच हरले नाही. पुढच्या सामन्यात पेले नव्हता आणि हंगेरीने ३-१ असे हरविले. ब्राझीलच्या सदऱ्यात ५० अधिकृत सामने खेळून गारिंशाने पाहिलेला हा एकमेव पराभव, आणि तोच त्याचा अखेरचा सामना.

त्यानंतर नुसती भटकंती. कोलंबियात एक सामना, फ्लामेंगोकडे काही दिवस, ओलारिया नावाच्या लहान क्लबात शेवट. १९६९ साली तो मोटार चालवीत असता अपघात झाला आणि त्यात एल्झाची आई गेली. १९७३ सालच्या डिसेंबरात माराकानावर त्याच्यासाठी निरोपाचा सामना ठेवला गेला; १ लाख ३१ हजार लोक तिकीट काढून आले. जमलेल्या पैशातून काही हाती आले तेही फार दिवस टिकले नाही. दारूच्या भरात त्याने एल्झावर हात टाकला आणि १९७७ साली तीही गेली. १९८० च्या कार्निव्हलमध्ये मांगेरा या सांबामंडळाने त्याला सजविलेल्या रथावर बसवून मिरविले. खाली लोक नाचत होते, आणि रथावरचा माणूस औषधांनी गुंगलेला, डोळे कोठे लागले आहेत त्याचे त्याला भान नाही. हे चित्र आम्ही एकदाच पाहिले. पुन्हा पाहिले नाही.

२० जानेवारी १९८३ रोजी रिओच्या एका रुग्णालयात तो गेला. वय ४९. दारूने यकृत खाल्ले होते. मृतदेह माराकानात ठेवला, बोताफोगोचे निशाण पांघरले, आणि अग्निशामक दलाच्या गाडीवरून मिरवीत पाऊ ग्रांदेकडे नेला. रस्त्याच्या दुतर्फा माणसेच माणसे. एल्झा पुढे खूप जगली, गात राहिली, आणि २०२२ साली गेली, तीही २० जानेवारीलाच.

ब्राझीलच्या राजधानीत त्याच्या नावाचे भव्य क्रीडांगण आहे. त्याच्या थडग्यावर अक्षरे कोरली आहेत, त्यांचा अर्थ असा की, लोकांचा आनंद होता तो येथे विसावला आहे. २०१७ साली त्या दफनभूमीत चौकशी झाली. मध्यंतरी केव्हातरी अस्थी हलविल्या गेल्या होत्या आणि त्याची धड नोंद कोणी ठेवलेली नव्हती. त्या दगडाखाली तो आहे की नाही, हे तेथील अधिकाऱ्यांना सांगता आले नाही.